माझ्यात काय कमी आहे?

रविवार, २ फेब्रुवारी. दुपारी ४, ट्रेनमध्ये

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. बायकोने, चारुताने, विचारलं तर ऑफिसची नोट लिहितोय म्हणून सांगणार.

सलिलकडून परत येतोय. वॉलॉंगॉंगला त्याच्या घरी हळदीकुंकू होतं. इथे परदेशात हळदीकुंकवाला नवरे, मुलं सगळे धरूनच बोलावतात. तीस माणसं. तीस माणसांचा मसालेभात सलिलने एकट्याने केला, तोही सकाळी पाचला उठून समुद्रावर दहा किलोमीटर पळून आल्यावर. हे त्याने स्वतः सांगितलं नाही. त्याच्या बायकोने, अस्मिताने सांगितलं, आणि तो लाजला. लाजतोसुद्धा व्यवस्थित. मला तेच जास्त लागलं.

हा सलिल वॉलॉंगॉंग युनिमध्ये माझा रूममेट होता. सकाळचं एकही लेक्चर त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एकदा फायर अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग पायजम्यात खाली उतरली आणि हा वर घोरत होता. मी जाऊन उठवलं. (लॅपटॉप आणायला गेलो होतो, वाटेत उठवलं. पण उठवलं.)

आज रहस्य कळलं. दोन वर्षांपूर्वी त्याचं बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं म्हणे. कायम थकवा, डोकं जड, जिना चढला की धाप. इंजेक्शनं घेतली आणि माणसात आला.

म्हणजे असं आहे तर. शिस्त नाही, जिद्द नाही, काही नाही. इंजेक्शन! सलिलमध्ये आणि माझ्यात फरक फक्त एका व्हिटॅमिनचा. गेली दहा वर्षं मी थकलेला आहे आणि लोक मला आळशी समजतात.

टेस्ट करून घेणार. उद्याच.

चारुता समोर बसल्या बसल्या झोपली आहे. चढल्यापासून झोपली आहे. अशाने माणसाने बोलायचं कुणाशी?

सोमवार, ३ फेब्रुवारी

वर्क फ्रॉम होम. कमतरतेच्या लक्षणांची यादी इंटरनेटवरून काढून एक्सेलमध्ये टाकली. पंधरा लक्षणं. माझी चौदा जुळली. राहिलं एक, जिभेची आग. हिरवी मिरची खाऊन पाहिली. पंधरा.

चारुता कामावरून आली तेव्हा तिला यादी दाखवली. ती चाइल्डकेअरमध्ये आहे, दिवसभर पंचवीस पोरांमागे. ती म्हणाली, जिभेची आग मलाही होते रे, गेले दोन महिने, म्हणून तर भाजीत तिखट घालत नाही. मी म्हटलं, एका वेळी एकच पेशंट. ती हसली. मग सोफ्यावर बसली ती बूट न काढता बसून राहिली. शेवटी मुलाला, शौनकला, मीच दूध गरम करून दिलं. माझ्या अवस्थेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वेंटवर्थव्हिलला मेन स्ट्रीटवर सामान आणायला. आधी केमिस्टकडे गेलो. टेस्टची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, तोवर सुरुवात तरी करावी. चार बाटल्या घेतल्या: मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स, मॅग्नेशियम, आणि पाण्यात टाकली की फसफसणारी एक नारिंगी एनर्जी गोळी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय का? मी म्हटलं, नो वरीज.

नंतर इंडियन ग्रोसरीत. चारुता तांदळाच्या पोत्यांवर चक्क बसली. दुकानदाराने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, दीदी आप ठीक हैं ना विचारलं. मला कोणी काही विचारलं नाही. दहा किलो आटा, पाच किलो बासमती आणि चार बाटल्या मी एकट्याने गाडीत नेल्या. दुकानदार बघत होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

संकल्प: रोज पाचला उठणे, चार किलोमीटर चालणे. गोळ्यांचा परिणाम आता दिसायला हवा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

७.४० ला उठलो. गोळ्या अजून रक्तात पोचलेल्या नाहीत.

सलिलने व्हॉट्सॅप ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकलाय. बावन्न जणांनी अंगठा दिला. चारुतानेही. मी फोन उलटा ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च

अखेर डॉक्टर. डॉ. फर्नांडो, श्रीलंकेच्या, बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर. एक्सेलची प्रिंट दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि मला परत दिली. विचारलं, आहार काय? मी म्हटलं, आम्ही व्हेजिटेरियन हाउसहोल्ड. चारुता बरोबर होती. ती म्हणाली, हाउसहोल्ड म्हणजे मी. हा आठवड्यातून चार दिवस ऑफिसखाली चिकन खातो, आणि रविवारी फिश अँड चिप्स.

नवऱ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं ते कशासाठी? त्याची केस बिघडवायला?

झोप किती, विचारलं. मी म्हटलं, झोपच पुरत नाही. चारुता म्हणाली, एकपर्यंत क्रिकेट बघतो. डॉक्टरबाईंनी नुसतं टाइप केलं. टाइप मात्र फार वेळ केलं.

रक्त दिलं. तीन नळ्या. नर्स म्हणाली, लव्हली वेन्स. आज दिवसभरातलं एकमेव कौतुक.

बुधवार, १२ मार्च

एसएमएस आला. 'तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. काही करण्याची गरज नाही.'

काही करण्याची गरज नाही. असं माणसाला लिहितात का?

पोर्टलवर जाऊन आकडे पाहिले. बी-ट्वेल्व्ह ८९०. डी उत्तम. लोह उत्तम. थायरॉइड उत्तम. सलिलचं बी-ट्वेल्व्ह १२४ होतं, त्याने सांगितलं होतं. एकशे चोवीस! आणि तो ते किती सहज सांगतो.

दुपारी विचार करता करता चूक सापडली. टेस्टच्या आधी महिनाभर मी गोळ्या घेत होतो. खरी कमतरता झाकली गेली. म्हणजे रिपोर्ट माझा नाही, गोळ्यांचा आहे. डॉक्टरबाईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, शक्य आहे, मग गोळ्या पूर्ण बंद करा आणि तीन महिन्यांनी या. मी म्हटलं, शुअर.

बंद कशा करणार? एवढी गंभीर कमतरता झाकून ठेवण्याइतक्या त्या चांगल्या आहेत. उलट मॅग्नेशियम दोन केल्या.

रविवार, ६ एप्रिल

घरात शिस्त राहिलेली नाही. आमटीत मीठ नाही, सलग तिसऱ्यांदा. चारुताने शौनकला दोनदा सिद्धार्थ म्हणून हाक मारली. सिद्धार्थ तिचा भाऊ, पुण्यात असतो. शौनक म्हणाला, मम, आयम नॉट मामा. तिने डोक्याला हात लावला. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती बहुतेक.

तिला म्हटलं, थकवा मला आहे आणि विसरतेस तू. ती म्हणाली, मलापण आहे यतिन. हे एक नवीन. मी काही म्हटलं की तिलाही तेच. गेल्या वर्षी माझी पाठ धरली तेव्हा तिने मान धरली होती.

झोपताना पायात मोजे घालते. म्हणते, पावलं कापसावर ठेवल्यासारखी वाटतात. गालिचा नवाच आहे आपला.

रविवार, २७ एप्रिल. सकाळी ११, वॉलॉंगॉंग

अँझॅक डेचा लाँग वीकेंड. किनाऱ्यावर मराठी मंडळींची पिकनिक. सॉसेज सिझल एकीकडे, वडापाव दुसरीकडे. सलिल मुलांबरोबर फ्रिस्बी खेळतोय. पोट आत. कुठे गेलं त्याचं पोट?

त्याला गाठून माझी केस सांगणार आहे. अनुभवी माणूस आहे, समजेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सांगितली. गोळ्यांनी झाकलेली कमतरता, सगळं. तो ऐकत होता, पण बघत दुसरीकडेच होता. मी वाक्याच्या मध्यात होतो आणि तो म्हणाला, एक मिनिट हं, आणि गेला.

चारुताकडे गेला. ती गवतावरून पाण्याच्या नळापर्यंत चालत होती आणि दर दोन पावलांनी खाली बघत होती, पाय कुठे पडतोय ते. मी पाहिलं होतं ते. मला वाटलं सँडल नवीन आहेत. सलिलने तिला बाकावर बसवलं. बरंच काय काय विचारलं. पायाला मुंग्या येतात का, जीभ सोलल्यासारखी वाटते का, धाप लागते का. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, यतिन, हिची टेस्ट कर. लगेच. मला नेमकं हेच होत होतं.

मी म्हटलं, अरे, मलापण नेमकं हेच होतंय. तो म्हणाला, तू आत्ता पाच वडे खाल्लेस.

चार. पाचवा शौनकचा उरलेला अर्धा होता.

परतीच्या ट्रेनमध्ये चारुता म्हणाली, सलिलला बरं कळलं. त्या 'सलिलला'वर थोडा जोर होता असं मला वाटतं.

गुरुवार, १ मे

उद्या सकाळी माझी डॉक्टरकडे अपॉइंटमेंट. क्लिनिकची नवीन अपॉइंटमेंट थेट बारा तारखेची मिळतेय. चारुताने विचारलं, उद्याची तुझी मी घेऊ का. मी समजावलं की माझी सेकंड ओपिनियनची केस आहे, लिंक तुटते, आणि तिचं नवीनच आहे, दहा दिवसांनी काय बिघडतं. ती म्हणाली, ठीक आहे.

समजूतदार आहे ती. हे कुठेतरी नोंदवायला हवं होतं.

शुक्रवार, २ मे

डॉ. फर्नांडोंनी गोळ्या बंद केल्या का विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ. त्यांनी चालायला, लवकर झोपायला आणि स्क्रीन कमी करायला सांगितलं. हे सांगायला मेडिकलची डिग्री लागते?

गुरुवार, ८ मे

चारुता स्टेशनच्या जिन्यावर पडली. कामावरून येताना. पायरी समजली नाही म्हणाली. पाय टेकला असं वाटलं आणि टेकला नव्हता. गुडघा फुटला, हनुवटीला तीन टाके. मी पोचलो तेव्हा एक ट्रेडी, रंगकाम करणारा, गुडघ्यांवर रंग लागलेला मोठा गडी, तिच्या शेजारी पायरीवर बसून तिची बॅग सांभाळत होता. शी वॉज आस्किंग फॉर यू, मेट, म्हणाला.

शौनक घरी आल्यावर तिच्याजवळ बसला. मला म्हणाला, डॅड, शीज बीन सिक फॉर एजेस. नवव्या वर्षी मुलांना सगळंच एजेस वाटतं.

आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

सोमवार, १२ मे

तिचं रक्त दिलं. नर्सला शीर सापडायला चार प्रयत्न लागले.

मंगळवार, १३ मे

संध्याकाळी सहाला डॉक्टरबाईंचा स्वतः फोन. एसएमएस नाही, रिसेप्शनिस्ट नाही, स्वतः. बी-ट्वेल्व्ह ७८. हिमोग्लोबिन आठ. उद्या सकाळी क्लिनिक उघडताच या, नवऱ्याला घेऊन या.

अठ्ठ्याहत्तर.

सलिलचंसुद्धा एकशे चोवीस होतं.

बुधवार, १४ मे

डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. मला कधी सात मिनिटांच्या वर मिळालेला नाही. जन्मापासून शाकाहार, दूधही चहापुरतं, आणि शरीरात साठा होता तो वर्षानुवर्षं संपत आला. त्याने रक्त कमी झालं, त्यातून थकवा. आणि नसांवरही परिणाम, म्हणून मुंग्या, म्हणून पायरी कळली नाही. इंजेक्शनं आजपासून, एक दिवसाआड. थकवा जाईल. नसांचं सांगता येत नाही, किती उशीर झालाय त्यावर आहे.

त्यांनी विचारलं, हे कधीपासून? चारुताला आठवेना. खरंच आठवेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा मला सुचलं. बॅगेतून ही वही काढली आणि एकेक तारीख सांगितली. २ फेब्रुवारी, ट्रेनमध्ये झोप. ३ फेब्रुवारी, जिभेची आग, त्याआधी दोन महिन्यांपासून. ८ फेब्रुवारी, दुकानात बसली. ६ एप्रिल, मीठ, नाव चुकणे, पावलं कापसावर. २७ एप्रिल, चालताना खाली बघणे. डॉक्टरबाई लिहीत गेल्या. म्हणाल्या, हे फार उपयोगी आहे, इतकं बारकाईने सहसा घरचे बघत नाहीत.

सांगायला हरकत नाही, छाती थोडी फुगली.

गाडीत चारुता म्हणाली, तुला सगळं दिसत होतं. मी म्हटलं, निरीक्षण माझं पहिल्यापासून चांगलं आहे. ती खिडकीबाहेर बघत राहिली. इंजेक्शन दुखत असेल.

शनिवार, २४ मे

आमच्याकडे सध्या यात्रा आहे. रोज कोणी ना कोणी डबा घेऊन. अस्मिताने वॉलॉंगॉंगहून ट्रेनने पालकाचं सूप आणलं, दीड-दोन तास मांडीवर धरून. चाइल्डकेअरच्या बायकांनी कार्ड दिलं, पंचवीस पोरांच्या हाताचे ठसे. सलिल रोज मेसेज करतो, आज कितवं इंजेक्शन, मुंग्या कमी आहेत का. दोघांची आता एक भाषाच झाली आहे. लोडिंग डोस काय, मेंटेनन्स काय. मी मध्ये काही बोललो की दोघं थांबून माझं ऐकतात आणि मग पुढे बोलतात.

दहा वर्षं थकलो मी. डबा एक आला नाही.

भांडी, कपडे, शौनकचं स्विमिंग, सगळं मी करतोय. पंधरा दिवसांत दीड किलो उतरलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. काल डिशवॉशर लावताना सहज म्हटलं, हे सगळं रोज कोण करायचं? शौनक म्हणाला, अं, मम?

संकल्प: मॅग्नेशियम तीन. बी-कॉम्प्लेक्स दोन. नारिंगी गोळी सकाळ-संध्याकाळ. घरात एक तरी माणूस उभा राहायला हवा.

रविवार, १५ जून

चारुताच्या गालावर रंग आलाय. पहाटे साडेपाचला उठून तिने साटोऱ्या केल्या. इथल्या जूनच्या थंडीत. गाणं म्हणत. मी पांघरुणातून ऐकत होतो. इतकं बरं वाटलं आणि इतका राग आला, दोन्ही एकदम.

विचारलं, एवढी शक्ती कुठून येते? म्हणाली, अरे ही नेहमीची आहे, मधे गेली होती. मला वाटायचं वय झालं.

ती एकोणचाळीसची आहे.

साटोऱ्या सहा खाल्ल्या. आवडल्या म्हणायचं राहिलं.

शनिवार, २६ जुलै. सकाळी ९

मुंग्या!

दोन्ही तळपायांना. उठल्या उठल्या. आधी वाटलं पाय अवघडला असेल, अर्धा तास थांबलो. आहेत. बोटांच्या टोकांनाही थोड्या. चिमटा काढला, बधिर लागतंय. चारुताचं होतं तेच, तंतोतंत.

म्हणजे मी सांगत होतो ते खरं होतं. रिपोर्ट चुकीचे होते.

चारुताला सांगितलं. तिचा चेहरा एकदम उतरला. हातातलं टाकून जवळ आली, खाली बसली, माझे तळवे हातात घेतले, इथे कळतंय का, इथे कळतंय का विचारत राहिली. तिला खरी भीती वाटली होती. हे मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, कळतंय गं, थोडं थोडं. तिने लगेच क्लिनिकला फोन लावला. पहिली मिळाली ती तारीख, १२ ऑगस्ट. माझ्यासाठी कोणी इतक्या घाईने फोन लावल्याचं आठवत नाही.

सलिललाही मेसेज केला. त्याने लिहिलं, ओह नो मेट, काळजी घे. तीन वेळा वाचला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

चारुताने सुट्टी काढली. डॉक्टरबाईंनी पायाच्या बोटांना कंप पावणारा एक धातूचा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, लावला. भुवया वर गेल्या. मी चारुताकडे पाहिलं, बघ म्हणून.

मग त्यांनी विचारलं, गोळ्या कुठल्या घेता? सगळ्या? चारुताने घरून पिशवी आणली होती, न सांगता. सात बाटल्या निघाल्या, मधे तीन वाढल्या होत्या. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एकेक बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि कागदावर बेरीज केली. बेरीज करताना एकदा थांबून परत पहिल्यापासून केली.

रक्त दिलं. या वेळी वेन्सबद्दल कोणी काही बोललं नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

रिपोर्ट. डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं, म्हणजे गंभीर आहे हे जाताना चारुताला सांगितलंही.

बी-सिक्स. मर्यादेच्या कितीतरी पट जास्त. मॅग्नेशियममध्ये होतं, बी-कॉम्प्लेक्समध्ये होतं, मल्टीमध्ये होतं, नारिंगी गोळीतही होतं. ते फार झालं की नसांना त्रास होतो, मुंग्या येतात. बाटलीवर तशी सूचना छापलेली असते म्हणे.

मी विचारलं, म्हणजे कमतरता नाही? त्या म्हणाल्या, मिस्टर करंबेळकर, तुमच्यात काहीही कमी नाही. गोळ्या आजपासून बंद, सगळ्या. मुंग्या हळूहळू जातील, महिने लागतील. आणि थकव्याचं? थकव्याचं मी मार्चमध्ये सांगितलं होतं, म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर चारुताला हसू फुटलं. आधी तोंडावर हात धरला होता, मग तोही सुटला. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी. मी वाट बघत बसलो. थांबली की माझ्याकडे बघायची आणि परत सुरू.

मग थांबली. खरंच थांबली. म्हणाली, यतिन, तुला मुंग्या आल्या म्हणालास त्या दिवशी मी किती घाबरले होते माहितीये? मी म्हटलं, हो. म्हणाली, मी सहा महिने धडपडत होते. तू सगळं लिहून ठेवलंस. एकदा विचारायचं होतंस, दमलीस का. एवढंच.

मी म्हटलं, अगं पण तेव्हा मीच...

तिने गाडी सुरू केली.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

सातही बाटल्या केमिस्टकडे परत दिल्या, तिथे जुनी औषधं टाकायचा डबा असतो. काउंटरवर तीच मुलगी होती. ओळख दाखवली नाही. दोघांनीही.

काल लिहायचं एक राहिलं. १ मेची नोंद काल परत वाचली. बारा तारखेपर्यंत तिला थांबवलं त्याची. 'दहा दिवसांनी काय बिघडतं' माझ्याच अक्षरात आहे. पान फाडणार होतो. मागच्या बाजूला तिच्या पडण्याचं आहे, म्हणून ठेवलं.

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी साडेदहा, वॉलॉंगॉंग, समुद्राकडेच्या वाटेवर, बाकावर

मंडळाचा पाच किलोमीटर वॉक. सलिलने काढलाय. चारुताने आपलं नाव दिलं आणि मला विचारलं नाही. मी आपणहून आलो. टोपी, पाणी, सनस्क्रीन, सगळं तिचं मी घेतलं होतं.

पहिला किलोमीटर बरोबर चाललो. ती बोलत होती, शौनकच्या शाळेचं काहीतरी. चांगली वेगात चालते आता. मी 'हो', 'हो' करत होतो, मग नुसती मान हलवत होतो, मग दोन पावलं मागे पडलो, मग दहा. तिला कळलं नाही. ती शेजारी मी आहे असं समजून बोलतच होती. पुढच्या वळणापर्यंत हात हलवून बोलताना दिसत होती. मग वळली.

मी इथे बसलो.

अस्मिता मागून आली. ती चारुताबद्दलच बोलली, मला ठाऊक असेल असं समजून. उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, डॉक्टर म्हणाल्या ती आता अशीच राहतील बहुतेक, पण किती छान चालते ना ती. मी म्हटलं, हो ना. मला ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने चारुता परत मागे चालत आली, मला शोधत. समोर उभी राहिली. घामेजलेली, लाल झालेली, हनुवटीवर ती टाक्यांची रेघ. म्हणाली, दमलास का रे?

पायांना मुंग्या होत्या, पोटरी दुखत होती, छातीत धाप मावत नव्हती. या प्रश्नाची मी दहा वर्षं वाट बघतोय.

म्हटलं, नाही.

ती शेजारी बसली. पाणी प्यायली. उजवा बूट काढून बोटं चोळली आणि परत घातला. मी पाहिलं. तिला विचारायचं म्हणून शब्द जुळवत होतो. साधंच विचारायचं होतं, पण आधी घसा साफ केला, मग समुद्राकडे पाहिलं. तेवढ्यात तिने लेस बांधली, तू बस, म्हणाली, आणि गेली.

अजून दिसतेय. लाल टोपी. फार लांब नाही.

आता उठतो.